घासदाणा, पागा आणि छावणी : धाराशिव परिसरातील अश्वाहाराचा इतिहास

घोड्याला वैरण कोण घालतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला दिसत नाही. घोडदळाची संख्या, सरदारांच्या पागा, स्वाऱ्यांचे मार्ग, लढायांच्या तारखा यांविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. परंतु ज्या प्राण्याच्या पाठीवर बसून हा इतिहास घडला, त्याच्या तोंडी रोज काय पडत होते, ते कोठून येत होते व कोणाच्या हातून पडत होते, हा विषय बहुधा एखाद्या तळटीपेतच संपतो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र आहे. इतिहासाच्या प्रांतात त्याने केलेला हा प्रवेश शब्दांच्या वाटेने झालेला आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

विषय सुचण्यास निमित्त झाले ते यंत्रांचे. युरोप-अमेरिकेतील अश्वशाळांतून अलीकडे घोड्यांना वाळलेले गवत घालण्याचे काम यंत्राकडे सोपविण्यात येऊ लागले आहे. त्यांचे प्रकार अनेक आहेत. काही ठिकाणी घोड्याच्या ठाणापुढे कप्प्यांची पेटी बसविलेली असते आणि घड्याळाने ठरवून दिलेल्या वेळी एकेका कप्प्याचे दार उघडून गवत खाली पडते. काही ठिकाणी छताखालच्या रुळावरून गवताची गाडी आपोआप फिरते व प्रत्येक ठाणापुढे नेमलेला हिस्सा टाकून पुढे जाते. जर्मनीसारख्या देशात घोडे मोकळ्या आवारात कळपाने ठेवतात. तेथे घोड्याच्या अंगावरील खुणेची चकती यंत्र ओळखते आणि त्याचा त्या दिवसाचा वाटा शिल्लक असेल तरच त्याला आत घेते. मालक घरी निजलेला असतो आणि पहाटे तीन वाजता घोड्यापुढे गवत येते.

ही केवळ श्रीमंतांची हौस आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. घोड्याच्या शरीराची रचनाच अशी आहे की, त्याला थोडे थोडे आणि वारंवार खावे लागते. गाईबैल भराभर चारा पोटात भरून घेतात व मग सावलीत बसून रवंथ करतात. घोडा रवंथ करीत नाही. देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते; जठर फार वेळ रिकामे राहिले, तर त्याला व्रण पडतात. गवताचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने होते. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास चरत असतो, तो यामुळेच. साधारणपणे देहाच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन इतका कोरडा चारा त्याला रोज लागतो, म्हणजे चारशे किलो वजनाच्या घोड्याला सहा ते आठ किलो. दिवसातून दोनदाच भरपूर दाणा घातला आणि गवत कमी केले, तर पोटशूळ उठतो, खूर धरतात, प्रसंगी जनावर दगावते. ठाणबंद घोड्याला दिवसभर व रात्रीही हळूहळू वैरण पोचविणे, हे म्हणून अश्वपालनातील सर्वांत जुने आणि सर्वांत कंटाळवाणे काम आहे. यंत्राने ते आज उचलले. त्यापूर्वीची दोनतीन हजार वर्षे ते माणसाने केले.

तो माणूस प्राचीन ग्रंथांत नावानिशी सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांच्या आहाराची मापे तेथे वेगवेगळी दिली आहेत आणि धान्य, स्नेह, मीठ, गवत यांचा हिशेब मांडला आहे. त्याच प्रकरणात अश्वशाळेतील सेवकांची यादी येते. तीत घोड्यांचे अन्न शिजविणारा विधापाचक आणि गवत पुरविणारा यावसिक हे दोघे वेगळे सांगितले आहेत. यवस म्हणजे चारा. तो पुरविणारा यावसिक. मराठीत मात्र या माणसाला असे स्वतंत्र, एकशब्दी नाव राहिलेले नाही. मोतद्दार आहे, पण तो घोड्याची सगळीच चाकरी करणारा. सईस आहे, त्याचेही तसेच. केवळ गवत आणणाऱ्याला आपण काय म्हणतो? या प्रश्नाचे उत्तर देऊ लागले की, थोडा वेळ अडखळावे लागते. ही अडखळण म्हणजेच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

धाराशिव जिल्हा या शोधासाठी सोयीचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांच्या पश्चिमेस परांडा-भूमकडील कमी पावसाचा उतार, दक्षिणेस बोरी नदीकाठी नळदुर्ग, आग्नेयेस उमरग्यापलीकडे कर्नाटकातील आळंद, असा हा मुलूख. येथे सदाहरित कुरणे नाहीत. पावसाळ्याचे चार महिने डोंगरउतारावर गवत असते; त्यानंतर जनावरांची भिस्त रब्बी ज्वारीच्या कडब्यावर. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवडीने तयार झालेली मालदांडी ज्वारी या भागात इतकी रुजली, याचे एक कारण तिचा दाणा. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे दुसरे कारण तिचा कडबा होय. कडब्याची पेंढी, पेंढ्यांचे बुचाड, त्यांची वळई किंवा गंज, आणि विक्रीच्या वेळी शेकड्याचा भाव, हा शब्दव्यवहार येथे अजूनही जिवंत आहे. अशा कोरड्या मुलखात राज्यकर्त्यांनी शतकानुशतके मोठमोठी घोडदळे बाळगली. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ परांड्यास ठेवली. नळदुर्गावर आदिलशाहीची नजर कायम राहिली. राजधानी आली म्हणजे पागा आली, आणि पागा आली म्हणजे गवताचा प्रश्न आला.

घोडा हा या मुलखाचा मूळचा प्राणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून जहाजांनी घोडे चौल, दाभोळ, गोवे येथे उतरत व घाट चढून वर येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिणेकडील मअबर प्रांताविषयी लिहिताना तक्रार केली आहे की, येथे दरवर्षी हजारो घोडे आणतात आणि त्यांची निगा कशी राखावी हे ठाऊक नसल्याने ते मरून जातात. शिजविलेला भात व मांस घोड्यांना खाऊ घालतात, याचे त्याला आश्चर्य वाटले होते. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन हा तर स्वतःच एक घोडा विकावयास घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरला तेथील खानाने तो घोडा हिसकावून घेतला, पुढे कसाबसा परत मिळाला आणि बीदरला विकला गेला. या देशात घोडे जन्मत नाहीत, त्यांना वाटाणे-हरभऱ्यासारखी कडधान्ये चारतात आणि साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी देतात, असे त्याने नमूद केले आहे. बीदरजवळ एका पिराच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असेही तो लिहितो. ते स्थान म्हणजे आपल्या उमरगा तालुक्याला लागून असलेले आळंद, असे अभ्यासक मानतात. वीस हजारांचा आकडा अतिशयोक्त मानला, तरी दहा दिवसांच्या जत्रेत त्याच्या निम्म्या घोड्यांना लागणारे गवत आसपासच्या किती गावांच्या शिवारातून आले असेल, याचा अंदाज वाचकांनी वर दिलेल्या मापावरून करावा. निकितीनने खिचडी पाहिली. गवत त्याच्या नजरेत भरले नाही, किंवा भरले असले तरी लिहिण्यासारखे वाटले नाही.

आता शब्दांकडे वळू. मराठीतील अश्वविषयक शब्दसंपदा एकत्र मांडली, तर तिच्यात एक ठळक सीमारेषा दिसते. घोड्यावर बसणे, त्याला बांधणे, त्याची मालकी व दर्जा, यांविषयीचे शब्द मोठ्या प्रमाणावर फार्सी-अरबी आहेत. लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तबेला, पागा, शिलेदार, बारगीर, सईस, स्वार ही नावे सहज आठवतात. शिलेदार म्हणजे मूळ सिलाहदार, शस्त्र बाळगणारा. आपल्या उपयोगात तो स्वतःचा घोडा बाळगणारा झाला. बारगीर म्हणजे मूळ अर्थाने ओझे वाहणारा; आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणारा. तबेला हा अरबी तवीला, म्हणजे घोडे बांधण्याचा लांब दोर. दोराचे नाव पुढे जागेला मिळाले. पायबंद हा घोड्याच्या मागच्या पायांचा बंध. आज आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो, आणि घोडा कोणाच्या मनातही येत नाही. उलट घोड्याच्या पोटात जाणाऱ्या वस्तूंकडे पाहा: गवत, घास, वैरण, चारा, कडबा, पेंढी, हरभरा, हरळी. येथे परकी शब्दांचा शिरकाव अगदी थोडा. दाणा हा सीमेवरचा शब्द आहे. फार्सी ‘दाना’ आणि संस्कृत ‘धाना’ हे एकाच कुळातले असल्याने त्याच्यावर दोघेही हक्क सांगू शकतील. तोबरा हा मात्र स्पष्टच बाहेरून आलेला. ती दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधावयाची पिशवी. वर्गात एकदा हा शब्द विचारला असता सर्व विद्यार्थ्यांनी ‘पानतंबाखूचा तोबरा’ हाच अर्थ सांगितला. पिशवी एकालाही ठाऊक नव्हती.

ही सीमारेषा केवळ भाषेची नाही. घोड्यावर बसणारा आणि त्याचा हिशेब ठेवणारा दरबारी भाषेच्या छायेत वावरत होता. गवत कापणारा, पेंढी बांधणारा, डोक्यावरून भारा आणणारा गावात वावरत होता. म्हणून घोड्याच्या पाठीवरचे शब्द दरबारातून आले आणि तोंडातले शब्द शिवारातून.

‘घास’ या शब्दाची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. मराठीत घास म्हणजे एकदा तोंडात घ्यावयाचा अन्नाचा अंश. आणि घास म्हणजे गवत, जसे घासदाणा, लसूणघास, मुरघास. पहिला संस्कृत ‘ग्रास’पासून, दुसरा संस्कृत ‘घास’पासून. मूळ धातू ग्रस् आणि घस् हे दोन वेगळे. परंतु धातुपाठात दोहोंचाही अर्थ ‘खाणे’ असाच दिला आहे. ‘ग्रास’चे नियमाप्रमाणे ‘गास’ व्हावयास हवे होते. मराठीत ‘ग’चा ‘घ’ झाला तो दुसऱ्या शब्दाच्या संसर्गाने, असे मानणे सयुक्तिक वाटते. म्हणजे माणसाच्या मुखातला घास आणि जनावराच्या पुढ्यातला घास यांचा संकर आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवला. (लसूणघासाचा लसणीशी काही संबंध नाही, लूसर्न या परकी चाऱ्याच्या नावाला ओळखीचा पोशाख चढविलेला दिसतो. लष्करी ठाण्यांच्या आसपास घोड्यांसाठी हा चारा पेरला जाई.) एकाचा घास दुसऱ्याचा घास कसा होतो, हे पुढील प्रकरणात पाहावयास मिळते.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दळवटणे येथे तळ देऊन असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले, सामान्यतः १६७३ मधील मानले जाणारे पत्र सर्वपरिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाचे पत्र म्हणून त्याचा उल्लेख भाषणांतून वारंवार होतो. परंतु ते पत्र शांतपणे वाचले तर त्याचा विषय वैरणीचे वाटप हा आहे. पावसाळा यावयाचा आहे. सुभ्यातला दाणा व गवत जमा करून ठेवले आहे. आता हवे तसे उधळून चाराल तर ऐन पावसात ते संपेल, घोडी उपाशी मरू लागतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणाचे दाणे आणाल, कोणाची भाकर, कोणाचे गवत, कोणाचे जळण. रयत परागंदा होईल आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्यापुढे आगीची सूचना येते. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी पागाच बुडेल. उंदराची वात लक्षात येण्याइतके बारकावे ज्याच्या डोळ्यापुढे होते, त्या राज्यकर्त्याने वैरण हा राज्यकारभाराचा केंद्रीय विषय मानला होता, असे म्हणावयास हरकत नाही. सभासदाच्या बखरीतही पावसाळ्यात लष्कर छावणीस यावे, त्यासाठी दाणा, वैरण, औषधे व घोड्यांना छपरे आधीच तयार असावीत, अशा आशयाची व्यवस्था सांगितली आहे.

येथे तुलना करण्याचा मोह होतो व तो आवरण्याचे कारण दिसत नाही. गवतपेटीचे घड्याळ जे काम करते, तेच काम या पत्रात कारकुनाकडे सोपविले आहे: साठा किती, दिवस किती, जनावरे किती, आणि म्हणून आज किती. फरक इतकाच की, पेटीत गवत भरले आहे हे यंत्र गृहीत धरते. पत्र तसे गृहीत धरीत नाही. पेटी रिकामी झाली तर पुढचे गवत कोणाच्या घरातून येईल, हे ते आधीच सांगून ठेवते.

आणि ज्या काळी असा धाक नव्हता, त्या काळी ते तसेच आले. घासदाणा हे एका कराचे नाव झाले. नावाचा अर्थ उघड आहे: फौज मुलखातून जाताना तिच्या घोड्यांसाठी गावाने द्यावयाचे गवत व दाणा. हळूहळू वस्तूऐवजी रोख रक्कम आली, फौज न येताही वसुली होऊ लागली, आणि नागपूरकर भोसल्यांसारख्यांच्या हाती तो चौथाईखेरीजचा एक स्वतंत्र हक्क बनला. गुजरातेत व काठेवाडात गायकवाडांचीही घासदाण्याची वसुली होती. १७६९ मध्ये माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात कनकापूर येथे तह झाला. त्यात औरंगाबाद प्रांतातील पेशव्यांच्या मुलखातून भोसल्यांनी घासदाणा घेऊ नये, असे कलम घालावे लागले. शब्दार्थाच्या दृष्टीने ही वाटचाल लक्षणीय आहे. प्रथम वस्तू, मग वस्तूची किंमत, मग केवळ हक्क. शेवटच्या टप्प्यावर घोडा असो वा नसो, घासदाणा चालूच राहतो.

लढायांतही वैरणीचे हे अंग डोकावते. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे मराठे आणि निजामअली यांची गाठ पडली. ते रणक्षेत्र आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम सीमेलगत, परांडा-भूमच्या टापूला भिडलेले आहे. प्रत्यक्ष झुंजीपेक्षा निर्णायक ठरले ते नंतरचे दिवस. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला, बाहेरून वेढा पडला आणि आत पाण्यापासून टंचाई सुरू झाली. मार्च महिन्यात या भागात डोंगरावर गवताची काडी नसते. जी वैरण असेल ती गावकऱ्यांच्या वळईत. कोंडलेल्या फौजेतील घोड्यांचे काय झाले असेल, हे सांगावयास बखरकाराची गरज नाही.

यापुढचा शब्द पागा. मराठीत पागा म्हणजे घोड्यांचा तबेला व त्यावरून सरकारी घोडदळाचे पथक. मूळ फार्सी ‘पायगाह’, पाय ठेवण्याचे स्थान. हैदराबाद राज्यात हाच शब्द ‘पायगा’ या रूपाने जहागिरींचे नाव झाला. निजामाच्या खाश्या घोडदळाच्या खर्चासाठी ज्या घराण्याला मुलूख तोडून दिला, ते पायगा घराणे आणि तो मुलूख पायगा. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गुंजोटी व लोहारा हा परिसर अशा पायगा जहागिरीत होता. गुंजोटीचा शेतकरी ‘पायग्यात’ राहत होता, म्हणजे शब्दशः तबेल्यात राहत होता! विनोद सोडून सांगावयाचे तर, एक अख्खा मुलूख घोड्यांच्या दाणावैरणीसाठी लावून दिलेला होता. घोडदळ नाममात्र उरल्यावरही जहागिरी चालू राहिल्या. त्या रद्द झाल्या १९४९ मध्ये, पोलीस कारवाईनंतर.

संपूर्ण जिल्ह्याच्या बाबतीतही एकदा असेच घडले. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज, तिचा थकलेला पगार, आणि तो भागविण्यासाठी १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे आलेला वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नळदुर्गास कारभारासाठी आलेला अधिकारी म्हणजे कादंबरीकार म्हणून नाव कमावलेला फिलिप मेडोज टेलर. किल्ल्यात राहून त्याने जमिनीची मोजणी व रस्त्यांची कामे केली, आणि आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांविषयी आपुलकीने लिहिले. १८६० मध्ये नळदुर्ग व रायचूर निजामाला परत मिळाले. या सात वर्षांत येथील शेतसारा ज्या फौजेच्या खर्चात जात होता, तिच्या घोडदळाचे एक ठाणे जवळच मोमिनाबादेस, म्हणजे आंबेजोगाईस होते. या पथकांत शिलेदारी पद्धत होती. स्वार घोड्याचा मालक. पगारातून घोड्याचे पोट त्यानेच भरावयाचे. नियम असा की, दोन स्वारांमागे एक सईस व एक तट्टू असावे, आणि त्यांनी रोज रानात जाऊन गवत आणावे. खुरप्याने मुळासकट हरळी खणून, माती झाडून, भारा तट्टावर लादून संध्याकाळी परत. या माणसाला इंग्रज ‘ग्रासकट’ म्हणत. वरवर पाहता तो इंग्रजी शब्द वाटतो. परंतु हिंदुस्थानी ‘घासकाटा’ किंवा ‘घासखोदा’ याचे ते इंग्रजी कानांना पटलेले रूप असावे, असा कोशकारांचा तर्क आहे. यावसिकाला अखेर नाव मिळाले, ते परक्या तोंडी.

गावात हेच काम करणाराला नाव होते. पण ते कामाचे नव्हते, जातीचे होते. सरकारी कुरणातले गवत कापून वाहून देणे ही वेठ होती. पेशवाईच्या कागदपत्रांत तिचे उल्लेख पदोपदी येतात. येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदाराच्या घोड्याला गवत घालणे, लाकूडफाटा आणणे, घोडा धरून उभे राहणे, ही महार वतनदाराची ठरलेली कामे होती. त्याबद्दल मिळणारा मोबदला इतका क्षुल्लक आणि बंधन इतके पक्के की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनांच्या सुधारणेचे विधेयक मांडले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. निजामी मुलखातील वेठबिगारीचे स्वरूप याहून सौम्य होते, असे मानण्यास आधार नाही.

एक व्याकरणाची गोष्ट येथे नोंदवितो. वैरणीसंबंधीच्या जुन्या आज्ञांची वाक्यरचना बहुधा विध्यर्थी व कर्मणी असते: दाणा द्यावा, वैरण पोचती करावी, चंदी चारावी. अशा रचनेत कर्ता सांगावा लागत नाही, आणि तो सांगितलेला नसतोच. घोडा कोणाचा, हे असते, दाणा किती शेर, हे असते, देणारा नसतो. मराठीचा हा दोष नव्हे. आज्ञापत्रांची भाषा सर्वत्र अशीच असते. परंतु परिणाम असा की, कागदावर पाहिले असता वैरण आपोआप घोड्यापुढे पडत असल्याचा भास होतो. स्वयंचलित गवतपेटी ज्याला म्हणतात ती व्यवस्था सरदाराच्या दृष्टीने तीनशे वर्षांपूर्वीच अस्तित्वात आली होती. तिच्या आत माणूस होता, एवढेच.

आज धाराशिव जिल्ह्यात घोडा विरळ झाला आहे. वरातीपुरता, जत्रेपुरता, क्वचित एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या दारात. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचे वाहन म्हणून तो देवळात आहे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू, ज्यांच्या काटक व अल्पाहारी स्वभावावर मराठ्यांच्या दौडी चालत, मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर कोठे कोठे दिसतात. यंत्र मात्र आले आहे, ते निराळ्या रूपाने. कडबाकुट्टी विजेवर चालते आणि पेंढीचे बोटभर तुकडे करून टाकते. हिरवा मका खड्ड्यात वा पिशवीत दाबून मुरघास होतो. उद्या एखाद्याने घड्याळाची गवतपेटी येथे आणली, तर तिच्यात बहुधा हीच कुट्टी पडेल. कुट्टी बारीक असल्याने घोडा ती भराभर संपवतो, तेव्हा पेटीचे दार अधिक वेळा व थोडे थोडे उघडेल अशी योजना करावी लागेल; लांब गवतासाठी आखलेले पाश्चात्त्य वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नाही. पेटी भरण्यापुरता कडबा घरात असला, तर ती उपयोगी पडेल.

घोडा गेला, तरी त्याचे शब्द गेले नाहीत. कुरण आता ‘चराऊ कुरण’ म्हणून सरकारी खात्यांच्या संदर्भात ऐकू येते. आणि छावणी, जी पावसाळ्यात घोडदळाने विसावा घेण्याची जागा होती, ती या जिल्ह्यात सध्या उन्हाळ्यात ऐकू येते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण अजून बोलली जाते. २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षी मराठवाड्यात पाऊस हुकला, तेव्हा जागोजागी चारा छावण्या उघडल्या. शेतकरी गाईबैल घेऊन महिनोन्‌महिने त्यांत राहिले. मोठ्या जनावराला रोज किती किलो, लहानाला किती, हे सरकारी निर्णयाने ठरत होते आणि वहीत लिहिले जात होते. छावणीऐवजी ‘दावणीला चारा’ द्यावा, अशी मागणीही त्या वेळी पुढे आली होती. दावण म्हणजे जनावरे ओळीने बांधण्याचा दोर. अरबी तवीलाचा अर्थ तोच.